आपली गल्ली आणि डीपी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मुंबईच्या विकास आराखड्यावर, म्हणजे आपण सगळे ज्याला डीपी म्हणतो त्यावर लिहिलं आणि मेलबॉक्स भरूनच गेला. अर्ध्या लोकांनी शिव्या दिल्यात, मला नाही, पालिकेला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून फक्त एरिया ठेवलाय. मी वकील नाही हे आधीच सांगते, आर्किटेक्टच्या ऑफिसातर्फे प्लॅनच्या फाइली घेऊन पालिकेचे जिने चढण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, तेव्हा जे माहितीये ते त्या बाजूने माहितीये.

प्रश्न : ताई, आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. आमच्या एका गल्लीत चार जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर चाललेत. रस्ता तोच, गटार तेच, पाण्याची वेळ तीच. पालिकेत प्लॅनिंगचं एवढं मोठं खातं आहे ना, मग ते बसून करतं काय?

उत्तर : आधी एक क्लिअर करू, पालिकेत 'प्लॅनिंगचं खातं' असं एकच काही नाहीये, दोन आहेत आणि लोक कायम घोळ करतात. एक विकास नियोजन खातं, ते वीस वर्षांचा आराखडा बनवतं, कुठे घरं, कुठे धंदा, कुठे शाळा, कुठे मैदान, कुठला रस्ता किती रुंद होणार. दुसरं इमारत प्रस्ताव खातं, आमच्या लाइनमधे त्याला नुसतं बीपी म्हणतात, तिथे बिल्डरचा आर्किटेक्ट प्लॅन टाकतो, आधी आयओडी निघते, म्हणजे प्लॅनला अटींसह मंजुरी, मग काम सुरू करायची सीसी, शेवटी राहायला जायची ओसी. तुमच्या गल्लीतल्या चारही टॉवरना परवानगी दिली ती बीपीने, आणि त्यांनी बघितलं काय, तर तो एक प्लॉट नियमात बसतोय का. बाजूची मोकळी जागा, जिना, लिफ्ट, फायर, पार्किंग. चार प्लॉट मिळून गल्लीचं काय होणार हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही, कारण तो आराखड्यात आधीच सुटलाय असं गृहीत धरलेलं असतं.

आता आराखड्यात तो सुटला कसा, तर एफएसआयने. हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय १, म्हणजे सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधायचं, इतकं सोपं आहे ते. मुंबई शहरात मूळ एफएसआय १.३३ आणि उपनगरात १. पण २०१८ला जे नवीन नियम आले, डीसीपीआर २०३४, त्यात वरचा एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधला. उपनगरात रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तक्त्याप्रमाणे एकच. नऊ ते बारा-सव्वाबारा मीटरला प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या प्लॉटवरून विकत आणलेले बांधकामाचे हक्क) धरून २, त्याच्यापुढे २.२, मग २.४, आणि तीस मीटरच्या वर २.५. यावर राहत्या इमारतीला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा बांधकाम. म्हणजे नऊ मीटरच्या रस्त्यावर हजार मीटरच्या प्लॉटला दोन हजार आणि वर सातशे, असे सत्तावीसशे चौरस मीटर. तुमची जुनी तीन मजली बिल्डिंग त्याच प्लॉटवर हजारात होती. आता कळलं का गर्दी कुठून येते? कोणी चोरी केलेली नाहीये, तक्त्यातच आहे.

आणि रुंदीचा हा तक्ता सोडला तर इमारत आणि बाकीच्या सोयी यांना जोडणारा दुसरा धागा त्यात नाही. पाण्याची लाइन किती इंची, ड्रेनेज कधी टाकलेलं, शाळेत जागा आहेत का, यातलं काहीही एफएसआय ठरवत नाही. पाणी खात्याची एनओसी लागते, पण ती त्या बिल्डिंगपुरती, गल्लीची बेरीज तिथेही कोणी मांडत नाही.

मला खटकतं ते इथेच. मूळ एफएसआयच्या वरचा बराचसा भाग पैसे भरून मिळतो, त्याला प्रीमियम म्हणतात, आणि ते पैसे पालिकेच्या आणि सरकारच्या तिजोरीत जातात. मग ज्या संस्थेने 'इथे पुरे झालं' म्हणायचं तिचंच बजेट 'अजून बांधा'वर चालतं. जानेवारी २०२१ मधे, कोविडनंतर धंद्याला हातभार म्हणून, राज्य सरकारने हे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे करून टाकले, अट एवढीच की गिऱ्हाइकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची, आणि त्या डिसेंबरात बीपीच्या ऑफिसांत फाइलींची जी झुंबड उडाली ती या लाइनमधला कोणीही विसरणार नाही. कुठल्या गल्लीला झेपेल ते त्यात कोणी विचारत नव्हतं, ३१ तारखेच्या आत पैसे भरले की नाही तेवढंच.

तुम्ही करू शकता ते एवढंच की मंजूर प्लॅनची कॉपी माहितीच्या अधिकारात काढा आणि फाइलमधे रस्त्याची रुंदी किती धरलीय ते बघा, मग टेप घेऊन स्वतः मोजा. फरक निघाला तर तुमच्या हातात काहीतरी आहे. नाही निघाला तर इमारत कायदेशीर आहे आणि तुमचं भांडण नियमाशी आहे, बिल्डरशी नाही.

(पार्लेकर, कुर्लेकर, तुमची पत्रं पण मिळाली. तुमचं दुखणं बरोबर उलटं, विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या चढा-उतरायच्या वाटेमुळे, उंचीच मिळत नाही, त्यामुळे एफएसआय कागदावर राहतो आणि जुनी बिल्डिंग गळत राहते. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागे मोठा मोकळा प्लॉट आहे, पालिकेच्या नकाशात तिथे 'प्लेग्राउंड' लिहिलंय असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात तिथे भंगारच्या गाड्या उभ्या असतात आणि आता मालक पत्रे ठोकतोय. मैदान असलेली जागा मालकाची कशी? (मालाड पूर्व)

उत्तर : कारण ते मैदान नाहीये, मैदानाचं आरक्षण आहे. डीपीच्या शीटवर प्रत्येक सोयीला कोड असतो. कोड 'डी'ने सुरू झाला, जसं डीओएस, तर ती सोय आज जागेवर आहे. 'आर'ने सुरू झाला, जसं आरओएस १.४ म्हणजे प्लेग्राउंड, आरओएस १.५ म्हणजे गार्डन, तर ती होणार आहे, असा पालिकेचा विचार आहे. जमीन अजून मालकाचीच. पालिकेने ती घ्यायला हवी, आणि घेणं म्हणजे पैसे.

घेण्याचे रस्ते साधारण असे. एक, सरळ भूसंपादन करून रोख मोबदला, मुंबईच्या जमिनीच्या भावात म्हणजे पालिका शक्यतो टाळतेच. दोन, टीडीआर, मालकाने जमीन फुकट द्यायची आणि बदल्यात तेवढे बांधकामाचे हक्क कागदावर घ्यायचे, त्या कागदाला डीआरसी म्हणतात, ते हक्क तो दुसऱ्या बिल्डरला विकतो. ही पद्धत मुंबईत १९९१च्या नियमांनी आली आणि मान्य करायला हवं, तिच्यामुळे बरेच रस्ते आणि मैदानं पालिकेला पैसा न मोजता मिळाली, भले ते बांधकाम मग दुसऱ्याच कुठल्या गल्लीत जाऊन बसलं. तीन, मार्केट, दवाखाना, पार्किंग अशा आरक्षणांत मालक स्वतः बांधून तो भाग पालिकेला देतो आणि बाकीचा प्लॉट स्वतः वापरतो, त्याला समावेशक आरक्षण म्हणतात.

आणि पालिकेने यातलं काहीच केलं नाही तर? मग येतं एमआरटीपी कायद्याचं कलम १२७. हा राज्याचा १९६६चा नगररचना कायदा, सगळा खेळ त्याच्यावरच चालतो. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडालं, जमीन मोकळी. आधी ही मुदत सहा महिने होती, मग बारा, आता चोवीस. 'पावलं' म्हणजे नुसता ठराव करून कागद पुढे ढकलणं नाही, खरोखरचं संपादन सुरू व्हायला हवं, असं सुप्रीम कोर्टाने २००७ला सांगितलेलं आहे.

आता तारखा जुळवा. सध्याचा आराखडा १ सप्टेंबर २०१८ला लागू झाला. दहा वर्षं म्हणजे सप्टेंबर २०२८. त्या महिन्यापासून शहरभर खरेदीच्या नोटिसा येणार, ज्यांच्याकडे चांगले वकील आहेत त्यांचे मसुदे आत्ताच तयार असतील याची मला खात्री आहे. तुमच्या मागचे पत्रे त्याच हिशोबाने लागतायत असं मी म्हणत नाही, पण लागत असतील तर नवल नाही.

त्यामुळे २०२८ची वाट बघत बसू नका. प्रॉपर्टी कार्डवरून त्या प्लॉटचा सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा नंबर काढा, पालिकेच्या साइटवर फी भरून डीपी रिमार्क, म्हणजे त्या प्लॉटवर आराखड्यात काय आहे याचा कागद मिळतो, तो घ्या. मग माहितीच्या अधिकारात एका अर्जात विचारा की या सीटीएसवरच्या आरक्षणाच्या संपादनाचा प्रस्ताव कधी हलवला, सध्या फाइल कुठल्या टेबलावर आहे, आणि कलम १२७ची नोटीस आली आहे का, आली असेल तर कुठल्या तारखेला. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण या २४ महिन्यांत फाइल झोपते आणि जागी होते ती पंचविसाव्या महिन्यात. खरेदीच्या नोटिशीचे प्रस्ताव पालिकेच्या सुधार समितीपुढे येतात, तुमच्या नगरसेवकाला तेवढं तरी विचारता येईल की बाबा तुझ्या वॉर्डातला प्लॉट अजेंड्यावर आला तर कळव. गटारावर लाद्या बसवायला ते येतातच की.

प्रश्न : आमचे वडील आणि आजोबा गिरणीत होते, आम्ही लालबागला राहतो. गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश भाग मैदानं आणि बागांना मिळणार होता असं लहानपणापासून ऐकतोय. तो गेला कुठे?

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर देताना मला अजूनही राग येतो, त्यामुळे सांभाळून लिहिते.

१९८२च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या, ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन, ती पण परळ-लालबाग-वरळी अशी शहराच्या ऐन मधोमध. १९९१च्या नियमावलीत कलम ५८ आलं. त्याचा गाभा असा की गिरणीची जमीन विकसित करायचीय ना, करा, पण साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक सोयींसाठी, साधारण तेवढीच म्हाडाला घरांसाठी, आणि राहिलेली मालकाला. चांगला नियम होता. इतका चांगला की मालक पुढेच आले नाहीत, दहा वर्षं बहुतेक जमिनी तशाच पडून.

मग २००१मधे सरकारने नियम बदलला. वाटणीची टक्केवारी तशीच ठेवली, फक्त हिशोब कशावर करायचा ते बदललं. आधी अख्ख्या जमिनीची वाटणी होती, आता ज्या भागावर बांधकाम नाहीये तेवढ्याच मोकळ्या जमिनीची. आता गिरणी बघितलीय तुम्ही, शेडला शेड लागून, चिमणीच्या बाजूला थोडं अंगण. समजा गिरणी तीस हजार मीटरची आणि सत्तावीस हजारावर शेड. जुन्या हिशोबाने पालिकेला जवळजवळ दहा हजार मीटर मिळाले असते, म्हणजे खरंखुरं मैदान. नव्या हिशोबाने तीन हजाराचा एक तृतीयांश, हजारभर मीटर, म्हणजे चार बाकडी आणि एक घसरगुंडी.

लोक कोर्टात गेले, हायकोर्टाने २००५ला त्यांच्या बाजूने निकाल दिला, २००६च्या मार्चमधे सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि २००१चा बदल कायम राहिला. कामगारांच्या घरांची म्हाडाची लॉटरी निघाली ती २०१२ला, तोवर किती जण गेले होते. तुमचा एक तृतीयांश भाग कोणी खिशात घालून नेला नाही, तो राजपत्रातल्या एका बदलात गेला, आणि तो बदल आला तेव्हा लालबागमधे किती जणांनी वाचला होता, विचारून बघा घरी.

प्रश्न : माहीमला आमच्या प्रॉपर्टी कार्डवर सीटीएस नंबरऐवजी 'टीपीएस ३, एफपी अमुक' असं आहे. हे काय प्रकरण? रिडेव्हलपमेंटला अडचण येईल का?

उत्तर : अडचण नाही, उलट तुम्ही नशीबवान. टीपीएस म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, १९१५च्या कायद्याखालची. एफपी म्हणजे फायनल प्लॉट. त्या काळी माहीम, सांताक्रूझ, पार्ले अशा ठिकाणी शेतं आणि वाड्या होत्या, वेड्यावाकड्या आकाराच्या, काहींना रस्ताच नाही. स्कीममधे काय केलं, सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र घेतल्या, गणपतीची वर्गणी काढावी तशी प्रत्येकाकडून थोडी थोडी जमीन काढून त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा बसवल्या, आणि उरलेली जमीन नीट चौकोनी प्लॉट करून त्याच मालकांना परत दिली. जमीन थोडी कमी झाली पण रस्ता मिळाला, भाव वाढला, त्या वाढीतला काही भाग पालिकेने सुधार आकार म्हणून घेतला. कोणाची पूर्ण जमीन गेली नाही आणि कोणी एकटा फुगला नाही.

दादर-माटुंगा त्याच्याही आधीचं काम, १८९६च्या प्लेगनंतर १८९८ला जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला त्याचं. हिंदू कॉलनीतून चालत फाइव्ह गार्डनला जाताना जे बरं वाटतं ना ते आपोआप झालेलं नाही, कोणीतरी आधी रस्ते आणि झाडांची जागा आखली आणि मग घरं आली.

माझं स्पष्ट मत आहे की मुंबईने हा रस्ता सोडला ते चुकलंच. स्कीममधे सोयींची जमीन सगळ्यांच्या वाट्यातून येते. आरक्षणात मात्र एकाच्याच डोक्यावर अख्खं मैदान, शेजारच्याला टॉवर. मग तो मालक दहा वर्षं घड्याळ बघत बसतो आणि कलम १२७ लावतो, त्याला तरी दोष कसा देणार. अहमदाबाद आजही टीपी स्कीमने वाढतंय, आपल्याच जुन्या मुंबई राज्याच्या कायद्याची परंपरा ती.

रिडेव्हलपमेंटचं म्हणाल तर रिमार्क काढताना सीटीएसऐवजी टीपीएस आणि एफपी नंबर टाका, बस. सोसायटीची कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालेली नसेल तर आधी ती, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : माझं दुकान मेन रोडवर आहे. एक माणूस येऊन सांगून गेला की अर्धं दुकान डीपी रोडमधे जातंय, दुसरा म्हणतो आरएलमधे जातंय. दोघंही 'सेटिंग करून देतो' म्हणाले. (बोरिवली पश्चिम)

उत्तर : दोघांनाही चहा पाजून घरी पाठवा. डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता किंवा रुंदीकरण. आरएल म्हणजे रेग्युलर लाइन, रस्त्याची ठरवलेली कड, ती पालिकेच्या १८८८च्या कायद्यातल्या कलम २९७खाली आयुक्त आखतात, आराखड्यापेक्षा वेगळा मामला. दोन्ही रेषा एकाच दुकानातून जाऊ शकतात आणि एकमेकींशी जुळतीलच असं नाही. दोन्हीचे रिमार्क मागा. रेषा आहे म्हणजे उद्या बुलडोझर येतोय असं नसतं, बऱ्याच रेषा कित्येक वर्षं कागदावरच आहेत, पण इमारत पाडून नवीन बांधायला गेलात की रेषेतली जमीन सोडावी लागते आणि तिच्या बदल्यात एफएसआय मिळतो. पालिकेनेच रस्त्यासाठी दुकान पाडलं तर प्रकल्पबाधित म्हणून पर्यायी गाळा किंवा मोबदला, त्यासाठी दुकान जुनं आहे याचे कागद लागतात, ते आजच एका फाइलमधे लावा. गुमास्ता लायसन, जुनी लाइट बिलं, काय असेल ते सगळं.

प्रश्न : आम्ही कन्नमवार नगरचे. प्लॅनची तक्रार घेऊन पालिकेत गेलो तर म्हणतात म्हाडात जा, म्हाडावाले पाण्यासाठी पालिकेत पाठवतात. आमचा वाली कोण?

उत्तर : दोघंही खरं बोलतायत, हीच गंमत आहे. मुंबईत नियोजन प्राधिकरण एक नाही. बीकेसीत एमएमआरडीए, झोपडपट्टी पुनर्वसनात एसआरए, मरोळच्या इंडस्ट्रियल एरियात एमआयडीसी, आणि २०१८पासून म्हाडाच्या स्वतःच्या वसाहतींत, म्हणजे तुमच्याकडे, म्हाडा. प्लॅन पास करणारे ते, पण त्या इमारतीला पाणी, गटार, कचरा, रस्ता देणार पालिका. परवानगीचे पैसे एकाकडे आणि पाइप दुसऱ्याकडे. प्लॅनबद्दल तक्रार म्हाडाच्या बीपी सेलला, सोयीबद्दल वॉर्ड ऑफिसला, दोन्ही पत्रांत एकमेकांचा जावक नंबर टाका म्हणजे निदान टोलवाटोलवी कागदावर येते.

प्रश्न : २०१५ला आणि परत २०१६ला, दोन्ही वेळा डीपीवर हरकत नोंदवली. पावती आहे, उत्तर नाही. पुन्हा कशाला लिहायचं? (अंधेरी)

उत्तर : तुमची चीड बरोबर आहे. पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ला आला, त्यात इतक्या चुका होत्या, उभ्या इमारतींतून रस्ते, हेरिटेज वास्तू गायब, देवळं-चर्च दाखवलेलीच नाहीत, की एप्रिलमधे मुख्यमंत्र्यांनी तो परत करायला लावला. लक्षात घ्या, तो परत गेला तो लोकांनी आरडाओरडा केला म्हणूनच. सुधारित मसुदा मे २०१६ला, त्यावर सुनावण्या झाल्या, त्या नियोजन समितीपुढे होतात, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले तज्ज्ञ. मंजुरी मे २०१८ला.

दोन्ही वेळा मी बऱ्याच हरकती वाचल्यात, ओळखीच्यांना लिहूनही दिल्यात. बहुतेकांचं पत्र असं, 'आमच्या विभागात उद्यान नाही, तरी कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.' यावर कोणी काय करणार हो? चालतं ते पत्र असं : शीट अमुक, गाव अमुक, सीटीएस अमुक, इथे २०३४च्या मसुद्यात निवासी झोन दाखवलाय, १९९१च्या मंजूर आराखड्यात हाच प्लॉट गार्डनसाठी आरक्षित होता, आरक्षण काढल्याचं कारण कुठे दिलेलं नाही, ते पूर्ववत करावं, सोबत जुन्या शीटची कॉपी आणि आजचा फोटो. एका पत्रात एकच मुद्दा. सुनावणीला पाच मिनिटं मिळतात, समोरच्या इंजिनियरला शीटवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आणि 'आता पुढची संधी वीस वर्षांनी' असं धरून बसू नका. कलम ३७खाली आराखड्यात मधेच फेरबदल होतात, आरक्षण हलवणं, झोन बदलणं, नियमातला एखादा आकडा, आणि त्यावर हरकतीला साधारण एक महिना मिळतो. नोटीस राजपत्रात आणि पेपरात येते, टेंडर नोटिशींच्या शेजारी, बारीक अक्षरात, भिंग घेऊन बसावं लागतं. मोठ्या आराखड्यावर टीव्हीवर चर्चा होते, शहर बदलतं ते या छोट्या नोटिशींनी. गिरण्यांचं बघितलंत ना वर. सोसायटीत दोन रिटायर्ड माणसं असतातच, त्यांना हे काम द्या, रोज पेपर वाचतातच ते.

प्रश्न : आम्ही कोळी, वर्सोव्याचे. आमची मासळी सुकवायची जागा नकाशात नुसती मोकळी जमीन दिसते. आम्ही आहोत हे नकाशाला कळत नाही का?

उत्तर : नाही कळत, दादा. नकाशा बनवणाऱ्याला कागदावर जे दिसतं तेवढंच कळतं, आणि काठीवर बोंबील वाळताना सॅटेलाइटला दिसत नाहीत. कोळीवाड्यांचं सीमांकन महसूल खात्याचं काम, तुमच्यासाठी ते मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथे वाळवणाची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढायची जागा, सगळं मोजणीत आलंय का ते मागून घ्या, आलं नसेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर आणि जुने फोटो, जुने नकाशे लावून लेखी द्या. एकदा सीमा ठरली की मग आराखड्यात ती आणायला कलम ३७ आहेच. घाई करा मात्र, बाजूच्या जमिनीवर एकदा मोठा प्रोजेक्ट मंजूर झाला की सीमा हलवायला कोणी तयार होत नाही.

प्रश्न : मी बारावीला आहे, मला टाउन प्लॅनर व्हायचंय. घरचे म्हणतात आयटी कर. काय करू? (डोंबिवली)

उत्तर : प्लॅनिंगची डिग्री पुण्याच्या सीओईपीत आहे, दिल्लीचं एसपीए आहे, आर्किटेक्चर किंवा सिव्हिल करून पुढे मास्टर्सला पण येता येतं. सरकारी नोकरी हवी असेल तर एमपीएससीमार्फत सहायक नगररचनाकाराची पदं भरतात, जाहिरात केव्हा निघेल याचा नेम नाही, धीर हवा. पगाराबद्दल घरच्यांचं बरोबर आहे. पण रोज लोकल पकडतेस ना, कल्याणच्या पुढे लाइनीच्या दोन्ही बाजूला जे बांधकाम चाललंय त्याला किती माणसं कमी पडतायत ते मी बघितलंय. कर.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना सीटीएस किंवा एफपी नंबर आणि वॉर्ड न विसरता लिहा. 'आमच्या घराजवळच्या त्या प्लॉटचं काय' असं आलेल्या पत्रांना मी काय उत्तर देणार. आणि कृपा करून कोणाचे आधार कार्डाचे फोटो पाठवू नका, या वेळेला सहा आलेत.